सतरंजीवरची चौथी जागा

पुस्तक कसं निवडावं हे मला कुणी शिकवू नये. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं काढली आहेत मी. समोर आलेला कागद खरं बोलतोय की नुसता नटून आलाय, हे मला दुसऱ्या पानापर्यंत कळतं. कोर्टातले कागद वेगळे आणि पत्त्यांची पुस्तकं वेगळी, असं माझी मुलगी गौरी म्हणाली होती. तिला म्हटलं, तू नागपूरला तुझा दवाखाना बघ, कागदाचं माझ्यावर सोड.

आता एकसष्टाव्या वर्षी मला पोकरची पुस्तकं कशाला हवी होती, ते सांगते.

माझं सासर आर्णीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळं घर तिथे जमतं. महिनाभराचा श्रावण संपलेला असतो, मागच्या अंगणात चुलीवर मटण चढतं आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून पुरुष तीन पत्ती खेळायला बसतात. पैसे नाहीत, दारू नाही, हा सासऱ्यांचा दंडक. खेळ चिंचोक्यांवर. संध्याकाळी जेवणाची हाक आली की डाव मोडतो, आणि ज्याच्यापुढे सगळ्यांत जास्त चिंचोके असतील त्याच्या ताटात पहिली नळी पडते. त्या एका नळीवरून या घरात जेवढी भांडणं ऐकली, तेवढी मी कोर्टातही ऐकली नाहीत.

सतरंजीवर जागा चार. एक माझे मोठे दीर श्रीकृष्ण, हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले तरी आवाज अजून शाळेचाच. दुसरे चुलत दीर चारुदत्त, वणीला वकिली करतात. तिसरे बाबूसिंग, दिरांचे शाळेपासूनचे दोस्त, शेताला शेत लागून. आणि चौथे आमचे हे, घनश्याम. हे गेले त्याला दीड वर्ष झालं. गेल्या पोळ्याला ती जागा रिकामी ठेवली होती.

हे असताना त्या घरात मला सगळे बोलायचे. भाजीत मीठ जास्त पडलं की मोठे दीर गल्लीत ऐकू जाईल असं सांगायचे. चारुदत्तभाऊजी माझ्या कोर्टाची टिंगल करायचे, आणि मीही कुणाचं उधार ठेवायची नाही. हे गेले आणि सगळे एकदम हळू बोलायला लागले. मी आर्णीला पोचले की खुर्ची येते, पाणी येतं, "बसा, आराम करा" येतं. कुणी चिडवत नाही, कुणी ओरडत नाही. नवरा गेल्याचं दुःख मी सोसलं, पण हा हळू आवाज मला सोसेना. माझ्याच सासरी मी पाहुणी झाले होते.

श्रावण लागला आणि मोठ्या जाऊबाईंचा, विमलताईंचा फोन आला.

"यंदा नं, चारुदत्तभाऊचे जावई बसून राह्यले घनश्यामभाऊच्या जागेवर," त्या म्हणाल्या. "अन् आमचा अभिषेक म्हणते, तीन पत्ती नको, पोकर खेळू. पुण्याले खेळते म्हणे तो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या जागेवर मी बसीन."

मग फोन मोठ्या दिरांच्या हातात गेला आणि तोच मऊ आवाज आला. "रत्नप्रभाबाई, कायले तरास घेता? तुमी आराम करा."

आराम हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, पण फोनवर पदर कोण बघतो? "आराम मेल्यावर करीन, भाऊजी. त्या जागेवर दुसरं कोनी काहून? मी जिवंत आहो नं!"

मग हेडमास्तर जागे झाले. "ठीक आहे. पन यंदा पोकर आहे, ध्यानात ठेवा. जेवनाची हाक येईस्तोर टिकल्या, तर जागा तुमची. दरसाल. हाकेच्या आधी चिंचोके संपले, तर उठाचं अन् जावई बसंन."

"हाव," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पोकर कशाशी खातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हातात सव्वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळच्या बसस्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मावशी, पोकरचं नाही भेटणार. तलाठी भरतीचं देऊ काय? पोलीस भरतीचं नवीन आलं." त्याला म्हटलं, बाबा, मला या वयात पोलीस कोण करतं! तिथून निघाले आणि अभिषेकलाच फोन केला. त्याने अकरा पुस्तकांची यादी पाठवली, सगळी इंग्रजी, आणि खाली लिहिलं, "काकू, सगळीच चांगली आहेत." जो माणूस सगळ्यांना चांगलं म्हणतो त्याची साक्ष बिनकामाची. यादीतली चार मागवली, आणि नाही आवडली तर आठ दिवसांत परत करायची सोय आहे एवढं बघून घेतलं.

पहिलं पुस्तक उशीएवढं जाड होतं. प्रत्येक पानावर टक्केवारी आणि कोष्टकं. दोन दिवस प्रामाणिकपणे झटले. लेखक हुशार होता यात वाद नाही, पण त्याच्या त्या टक्केवारीत माणूसच नव्हता. समोर बसलेले चारुदत्तभाऊजी खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतात, याची त्याच्या कोष्टकात जागा नव्हती. ते परत केलं.

दुसरं कुणा मोठ्या खेळाडूचं. मुखपृष्ठावर काळा चष्मा लावून बसलेला, पुढे चकत्यांचे ढीग. तीनशे पानांत हा बाबा एकदाही हरला नव्हता. कोर्टात अशी प्रतिज्ञापत्रं मी पोत्याने पाहिली आहेत. ज्याच्या सगळ्याच गोष्टी त्याच्याच बाजूच्या असतात, तो खोटं बोलत असतो. तेही परत केलं.

तिसरं बरं होतं. पण ते कॉम्प्युटरवर, घरबसल्या अनोळखी माणसांशी खेळणाऱ्यांसाठी होतं. मला घरच्या माणसांशी खेळायचं होतं.

चौथं बारीक, सव्वाशे पानांचं. मी ते सवयीप्रमाणे मधूनच उघडलं, आणि समोर आलं ते प्रकरणच असं की लेखकाने स्वतः हरलेले बारा डाव एकापुढे एक मांडले होते. कुठे घाई केली, कुठे रागावून खेळलो, कुठे माणूस ओळखला पण पान ओळखलं नाही, सगळं नावानिशी. तिथेच बोट ठेवून मी म्हटलं, हा साक्षीदार आपला.

ते पुस्तक मी तीनदा वाचलं. पहिला धडा तेवढा उलटून टाकला. त्यात पत्त्यांची ओळख होती, कुठला डाव लहान, कुठला मोठा. ते मला माझ्या मामाने सातव्या वर्षी शिकवलं होतं. खेळ मात्र नवा होता. प्रत्येकाच्या हातात दोनच पानं, ती लपवायची. मधे पाच पानं उघडी मांडतात, ती सगळ्यांची. सातांतून पाचांचा डाव लावायचा. आणि पुस्तकाचं मुख्य सांगणं काय, तर बहुतेक वेळा हातातली पानं फेकून द्या. चांगली पानं येईपर्यंत गप्प बसा. आणि चिंचोके थोडेच उरले तर कुढत बसू नका. धाक वाटेल एवढे हातात आहेत तोवर सगळे एकदम लावा. हे मला फार पटलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर मी सतरंजीवरच्या त्या चौघांची, यांचीसुद्धा, पानं वाटायची आणि चौघांच्या वतीने एकटीच खेळायची. यांची पानं मी कधी बघायची नाही. तरी हे हरायचेच.

करीच्या दिवशी सकाळच्या बसने आर्णीला गेले. पिशवीत पुस्तक, अंगावर धुवट सुती पातळ, आणि सांगायला हरकत नाही, मनात धाकधूक अजिबात नाही. या तिन्ही पुरुषांना मी पस्तीस वर्षं चहा नेऊन दिला होता. चांगली पानं आली की मोठे दीर गप्प होतात, थाप मारायची असली की कापसाच्या भावावर बोलतात. बाबूसिंगभाऊ चांगल्या पानांना मांडीखाली घालतात. आणि आता तर माझ्याकडे पुस्तकही होतं.

अभिषेक फक्त पानं वाटणार आणि पंच होणार, असं ठरलं होतं. त्याने पोकर समजावायला सुरुवात केली. कुठला डाव मोठा इथपर्यंत तो आला, तोच मोठ्या दिरांनी हात वर केला.

"लहान-मोठं आमाले नको शिकवू बे. तू पैदा नव्हता तवापासून खेळून राह्यलो."

मीही मान डोलावली. प्रत्येकापुढे पन्नास चिंचोके ठेवले. मी यांच्या जागेवर बसले, पाठ भिंतीकडे. माझ्या उजव्या खांद्यामागे खुर्ची टाकून जावई बसले, मोबाइल बघत. माझे चिंचोके संपायची वाट बघायला दुसरी जागा त्यांना मिळाली नसावी.

पहिला तास मी नुसती पानं फेकली. मोठे दीर मऊ आवाजात म्हणाले, "खेळा नं, रत्नप्रभाबाई. भेऊ नका. आपलेच लोक आहेत." मी दात आवळून पुढची पानंही फेकली. मग एक्क्यांची जोडी आली. चारुदत्तभाऊजींनी घसा खाकरला आणि वीस लावले. मी त्यांच्याएवढे लावले, पुढे आणखी लावले, आणि तीन वाजायच्या आत वणीच्या वकिलांना सतरंजीवरून उठवलं. ते हात झटकत म्हणाले, "कमाल आहे बाप्पा." त्यातही टिंगल नव्हती, नुसतं कौतुक. लहान मुलीने कविता म्हणून दाखवल्यासारखं.

एकदा बाबूसिंगभाऊंनी सवयीने साइड शो मागितला, म्हणजे तीन पत्तीत शेजाऱ्याची पानं गुपचूप आपल्या पानांशी ताडून बघतात तसं. मोठे दीर पानं पुढे करतच होते. मी म्हटलं, "पोकरमंदी साइड शो नाही. पुस्तकात असंन तसंच खेळाचं." पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. सगळ्यांनी मानलं. पंचानेही मानलं.

पाच वाजता माझ्यापुढे अठ्ठ्याण्णव चिंचोके होते, मोठ्या दिरांपुढे चौऱ्याहत्तर, उरलेले बाबूसिंगभाऊंकडे. आतून रश्शाचा वास येत होता. विमलताई दारात येऊन सांगून गेल्या, "अजून पाऊन तास. मटन शिजून राह्यलं." जागा जवळजवळ माझी झाली होती.

तेव्हा तो डाव आला. माझ्या हातात इस्पिकची नव्वी आणि किलवरची अठ्ठी. मधे उघडली बदामची सत्ती, बदामची छक्की आणि चौकटची दश्शी. छक्की ते दश्शी, सरळ सिक्वेन्स! मी चेहरा हलू दिला नाही. चौथं पान राजा, किलवरचा. पाचवं पान बदामची तिर्री. ती पडली आणि मोठे दीर, जे इतका वेळ कापसाच्या भावावर बोलत होते, एकदम गप्प झाले.

"सगळे," ते म्हणाले आणि चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर पुढे ढकलले.

मी विचार केला. गप्प झाले म्हणजे पानं आहेत. बदामची तिर्री पडल्यावर गप्प झाले, म्हणजे हातात दोन बदाम आहेत आणि आत्ता पाच बदामांचा कलर जमला. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, असती तर आधीच गप्प झाले असते. कलर आहे. माझी सिक्वेन्स, कलरच्या वरची. पुस्तक लिहिणाऱ्यालाही माणूस इतका नेमका वाचता आला नसता.

"माझेही सगळे," मी म्हटलं आणि ढीग पुढे सारला.

त्यांनी पानं उलटली. बदामचा एक्का, बदामचा गुलाम. कलरच! मी माझी नव्वी-अठ्ठी मांडली.

"सिक्वेन्स," मी म्हटलं.

मोठे दीर मागे टेकले. "गेली बाजी," म्हणाले. बाबूसिंगभाऊंनी मांडीवर थाप मारली, चारुदत्तभाऊजी टाळ्या वाजवायला लागले. मोठे दीर स्वतःच्या हाताने सगळे चिंचोके माझ्याकडे लोटत होते. मी मान वर केली आणि मला अभिषेकचा चेहरा दिसला. त्याने तोंड उघडलं होतं आणि पुन्हा मिटलं होतं.

"काय झालं रे?"

"काही नाही, काकू."

"अभिषेक, एकतीस वर्षं कोर्टात काढली मी. बोल."

तो सतरंजीकडे बघत म्हणाला, "पोकरमध्ये कलर मोठा असतो. सिक्वेन्स लहान."

मग चारुदत्तभाऊजी आधी वकील झाले. "हे नाही चालनार. या घरात सिक्वेन्स मोठी. पन्नास वर्षांची वहिवाट आहे. वहिवाट म्हंजे कायदाच." बाबूसिंगभाऊ म्हणाले, कलर तर कुणालाही येतो, तो मोठा कसा होईल! आणि मोठे दीर, ज्यांचा तो डाव होता, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज पुन्हा खाली आला.

"राहू द्या, रत्नप्रभाबाई. तुमचाच डाव. घ्या."

तो आवाज आला नसता तर कदाचित मी घेतलाही असता. खोटं कशाला सांगू, मला ती जागा हवी होती, आणि खोलीतला एकही माणूस मला दोष देणार नव्हता. पण त्या आवाजात मिळालेली जागा म्हणजे पुन्हा ती खुर्ची आणि ते पाणी. दरसाल मला त्या जागेवर आराम करायला बसवलं असतं.

मी मांडीवरचं पुस्तक उचललं आणि मी उलटून टाकलेला पहिला धडा काढला. चित्रासकट होतं सगळं. ज्या लेखकाने स्वतःच्या बारा चुका मांडल्या, त्याच्या पुस्तकातलं पहिलंच पान मी वाचलं नव्हतं. मोठ्याने वाचून दाखवलं. कलर वर, सिक्वेन्स त्याच्या खाली. "पुस्तकात असंन तसंच खेळाचं, हे मीच म्हटलं होतं," मी म्हणाले. "भाऊजी, तुमचा डाव. घ्या." आणि सगळे चिंचोके त्यांच्याकडे सारले. जावयांनी मोबाइल खिशात टाकल्याचं मला मागून ऐकू आलं. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

"काकू, थांबा," अभिषेक म्हणाला. "तुमच्याकडे जास्त होते. त्यांनी लावले तेवढेच जातात. चोवीस तुमचे उरतात."

हेही पुस्तकात होतं, आणि हे मी तीनदा वाचलं होतं. रागाच्या भरात विसरले. पुन्हा बसले.

चोवीस चिंचोके, आणि जेवणाला अजून अर्धा तास. दर फेरीला काही चिंचोके सक्तीने टाकावे लागतात, त्यामुळे नुसती पानं फेकत बसले असते तर हाकेच्या आधीच वाळून गेले असते. अभिषेकने पानं वाटली. मी कडा उचलून पाहिली. दुर्री आणि सत्ती, वेगवेगळ्या रंगांची. यापेक्षा रद्दी पानं पोकरमध्ये नाहीत, हे चारही पुस्तकांत लिहिलेलं होतं; यावर तेवढं सगळ्यांचं एकमत. मागे जावयांना एकदम ठसका लागला.

बाबूसिंगभाऊंनी पानं फेकली. मोठ्या दिरांनी दहा लावले. गप्प राहून लावले.

मी सगळे चोवीस पुढे ढकलले. "सगळे."

मोठे दीर माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो तसाच राहू दिला. पस्तीस वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तर माणूस चक्क घाबरलेला होता.

"नाही," ते अभिषेकला म्हणाले. "आत्ताच जितलेला डाव हातानं उचलून देल्ला या बाईनं. ते कायले थाप मारंन? त्या जावयालेही ठसका लागला पानं पाहून. एक्के आहेत तिच्यापाशी." त्यांनी आपली पानं उघडी करून टाकली. राण्यांची जोडी.

मी चिंचोके ओढून घेतले आणि माझी पानं गड्डीत घातली.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पाहाचं होतं तर लावाचे होते, भाऊजी."

त्यानंतर अर्ध्या तासात मी आणखी तीनदा "सगळे" म्हटलं. तीनदा समोरची पानं पडली. त्यांतल्या एकदाच माझ्या हातात काही होतं. एकदा तर मी ढीग पुढे सारला आणि बाबूसिंगभाऊंनी पानं न बघताच फेकली. म्हणाले, बाई खरं बोलते, आपण कशाला मरायचं. आयुष्यभर खऱ्या नकलांवर शिक्के मारले, त्याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मला मनातून हसू येत होतं आणि ते दाबताना पोट दुखायला लागलं.

मग विमलताई दारात आल्या. "उठा आता. ताटं वाढून राह्यली."

माझ्यापुढे एकोणचाळीस चिंचोके होते. मोठ्या दिरांनी ते पाहिले, सतरंजीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "जागा तुमची. दरसाल." पुन्हा मऊ आवाजातच. मी म्हटलं, बरं. आनंद झाला, नाही कसं म्हणू, पण तो मला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. जागा मिळाली होती, माणसं अजून हळूच बोलत होती.

आत पाटांवर बसलो. नळी अर्थात मोठ्या दिरांच्या ताटात, सगळ्यांत जास्त चिंचोके त्यांचेच. विमलताई भाकरी वाढत होत्या. जावई माझ्या समोर बसले होते, आणि जागा गेल्याचं त्यांच्या पोटात राहिलं नसावं.

"काही म्हणा," ते म्हणाले, "काकूंनी राण्यांच्या जोडीपुढं दुर्री-सत्तीवर सगळे लावले. मी मागून पाह्यलं. मले तर ठसकाच लागला."

मोठ्या दिरांच्या हातातली नळी तोंडापाशीच थांबली.

"काय होतं?"

"दुर्री-सत्ती."

"राण्या फेकल्या म्या!" ते पाटावरून अर्धे उठले. "दुर्री-सत्तीसाठी! ए रत्ना! लबाड! येवढं पुस्तक उघडून गीता वाचल्यावानी वाचून दाखवलं, अन् पुढच्याच डावाले मले चुना लावला! घनश्याम बरा होता, त्याले लबाडी जमत नव्हती! जेवन झाल्यावर बस परत, पाह्यतोच तुले!"

आवाज गल्लीत गेला असणार. विमलताईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चारुदत्तभाऊजी माझ्याकडे बघून, दीड वर्षात पहिल्यांदा, मोठ्याने हसले आणि म्हणाले, कोर्टातली माणसं सगळी अशीच. अभिषेक घाबरून म्हणाला, "बाबा, काकू आहेत त्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रश्शाचा तिखटपणा म्हणून ते पुसलं, आणि हात धुवायलाही न थांबता मी उठून उभी राहिले.

"तुमाले कोनी सांगतलं होतं राण्या फेकाले?" मी ओरडले. "हेडमास्तर होते नं तुमी? राण्यायची जोडी कोन फेकते? अन् रश्शात मीठ कमी आहे!"

"बस म्हनतो नं जेवन झाल्यावर!"

"बसतोच! भेतो काय तुमाले!"

विमलताईंनी आम्हा दोघांनाही खाली बसायला लावलं. जेवण संपेपर्यंत आम्ही भांडत होतो.